आधी भिंत वाळू द्या

गणपती गेले की रंगाच्या दुकानांत गर्दी सुरू होते. दिवाळीच्या आत घर रंगवून व्हायला हवं, हा हिशेब आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे आणि एके काळी तो अगदी बरोबर होता. मातीच्या भिंतीला पावसाळ्यानंतर पोतारा द्यावाच लागे, धुपलेला गिलावा बुजवावा लागे. आणि चुन्याला तर भिंत थोडी ओलसर असलेलीच मानवते. आता मुहूर्त तोच राहिला, पण डब्यातलं द्रव्य बदललं. मुंबईतून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. एखाद्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच आली, तर चार महिने भिजलेल्या भिंतीला वाळायला दोन आठवडेही मिळत नाहीत. त्या ओल्या भिंतीवर आपण प्लास्टिक पेंटचे दोन हात मारतो, सणाला घर झकास दिसतं आणि पुढच्या जुलैत पोपडे सुटतात. मग बोल लागतो रंगाऱ्याला. मुंबई, कोकण, गोवा आणि घाटमाथा या पट्ट्यात आतल्या रंगकामाचा खरा हंगाम फेब्रुवारी ते मे हा आहे. देशावरच्या कोरड्या हवेत दिवाळीआधी रंगवलेलं चालून जातं. या पट्ट्यात ते टाळावं.

पर्यावरणपूरक रंग कोणता, असा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला मी आधी भिंतीकडे पाहायला सांगतो. दर तीन वर्षांनी खरवडून पुन्हा लावावा लागणारा रंग कितीही नैसर्गिक असला, तरी त्यात माल, मजुरी, पैसा आणि धूळ तिप्पट जाते. दहा वर्षं टिकणारं साधं काम त्याहून कितीतरी शहाणपणाचं.

ओल येते कुठून? आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून झड बसते ती पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला. कोकणात त्या बाजूच्या पडवीला पावसाआधी नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत, ते यासाठीच. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंतीला असा कुणी राखणदार नाही. केसाएवढ्या चिरेतून, खिडकीच्या चौकटीच्या सांध्यातून, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपतं. जुन्या बैठ्या घरांत ते जोत्यातून वर चढतं. भिंतीतून जाताना हे पाणी विटा, वाळू आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून घेतं. पृष्ठभागाशी आलं की पाणी उडून जातं आणि क्षारांचे स्फटिक होतात. यालाच भिंतीला लोणा लागला म्हणतात. हे स्फटिक वाढताना गिलावा आतून फोडतात आणि वर रंगाचा पडदा असेल तर त्यालाही ढकलून देतात. इथे महागडा रंग लावला तरी तो ढकलला जाणारच.

म्हणून पहिली परीक्षा फुकटची आहे. संशय असलेल्या जागी हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवावा. सकाळी भिंतीकडच्या बाजूला दव धरलेलं दिसलं तर भिंत अजून ओली आहे. खोलीकडच्या बाजूला ओलावा असेल तर तो हवेतला. दुसरी परीक्षा तळहाताची. कोरडी भिंत हाताने घासली आणि हाताला भुकटी आली, तर जुना थर सैल झालेला आहे. तो काढल्याशिवाय वरचा थर धरणार नाही. नव्या इमारतीत गिलाव्याला किमान चार आठवडे द्यावेत. ताजं सिमेंट तीव्र अल्कलीधर्मी असतं आणि घाईने दिलेला रंग त्यात डागाळतो, चट्टे पडतात. ताबा मिळाल्याबरोबर गृहप्रवेशाची तारीख काढणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं, तरी सांगत राहिलं पाहिजे.

आता चुन्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावर आपण फार अन्याय केला आहे. चुना म्हणजे गरिबाची सफेदी, जिन्यात आणि गच्चीवर मारायची चीज, अशी त्याची पत आपण करून टाकली. खरं तर आपल्या कित्येक किल्ल्यांवर आजही दिसणारी चुन्याच्या घाणीची दगडी चाकं याच पदार्थाची साक्ष देतात. वाड्यांचे गिलावे, देवळांची शिखरं, समुद्रातले तट यांना त्यानेच बांधून ठेवलं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात घातला की तो सळसळून उकळतो आणि विरतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो आणि पातळ थराच्या रूपात परत चुनखडी होतो. भिंतीवर शेवटी उरतो तो दगडच. त्याला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते, आणि ताज्या चुन्याच्या तीव्र अल्कलीत बुरशीला जगता येत नाही.

चुना भाजताना प्रदूषण होत नाही असं मात्र समजू नये. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भट्टीच्या इंधनाचा वेगळाच. भिंतीवर सुकताना त्यातला बराचसा वायू परत शोषला जातो. इंधनाचा हिशेब तेवढा शिल्लक राहतो.

चुना देण्याची रीत नीट पाळली तर तो अंगाला लागत नाही. बहुतेक तक्रारी या रीतीतल्या घाईतून येतात. कळीचा चुना लोखंडी पिंपात पाण्यावर सोडावा. उलट, चुन्यावर पाणी ओतू नये, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, कारण हा चुना डोळा कायमचा अधू करू शकतो. किमान एक दिवस, जमल्यास काही आठवडे तो पाण्याखाली मुरू द्यावा, मग फडक्यातून गाळून ताकासारखा पातळ करावा. त्यात डिंकाचं किंवा सरसाचं पाणी घालतात, पांढरेपणा उठावा म्हणून चिमूटभर नीळ घालतात. भिंतीवर आधी पाणी शिंपडायचं आणि मग कुंचल्याने एक हात उभा, पुढचा आडवा असे तीन-चार पातळ हात द्यायचे. पहिला हात दिल्यावर भिंत करडी, अर्धपारदर्शक दिसते आणि घरमालक नाराज होतो. एक-दोन दिवसांत ती आपोआप पांढरी होत जाते. एकाच जाड हातात काम उरकलं, किंवा कडक उन्हात कोरड्या भिंतीवर मारलं, तर चुना दगड होण्याआधीच वाळतो आणि मग मात्र पाठ टेकताच सदरा पांढरा होतो.

रंगीत भिंत हवी असेल तर चुन्यात गेरू, पिवडी, हिरमजी अशी मातीची आणि लोहाची रंगद्रव्यंच टिकतात. झाडापासून मिळणारे बरेचसे रंग या अल्कलीत उडून जातात. म्हणूनच जुन्या घरांची रंगसंगती मर्यादित, मातकट आणि एकमेकींना धरून असलेली दिसते. एक अडचण सांगायलाच हवी. ज्या भिंतीवर आधीच ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट बसलेला आहे, तिच्यावर चुना धरत नाही. जुना थर पूर्ण काढायची तयारी असेल, किंवा घर नवं, दगडी किंवा मातीचं असेल, तरच या वाटेला जावं. दगड-मातीच्या जुन्या वाड्याला मात्र सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढवणं हा त्या वास्तूवरचा अत्याचार आहे. बाहेर पडायची वाट बंद झाली की ओल आतल्या लाकडात आणि मातीत मुरते.

बाकी बहुसंख्य घरांत पाण्यात मिसळणारा इमल्शन रंगच येणार आहे, तेव्हा त्याच्या डब्यात काय असतं ते पाहू. रंगद्रव्य, भर म्हणून खडूसारखी खनिजं, चिकटून धरणारा कृत्रिम राळेचा अंश, पाणी आणि थोडी मदतनीस रसायनं. पांढरा रंग येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बाजारात स्थिरावला आणि त्याने शिशाच्या सफेद्याला हळूहळू हटवलं. ही फार मोठी सुटका होती. शिशाचा रंग मुलांना विषबाधा करतो, हे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरातले डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. व्हरांड्याच्या कठड्यांवरचा भुकटी होत जाणारा रंग मुलांच्या बोटांवरून तोंडात जात होता. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी घालणारा नियम २०१६ चा आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

याचा आपल्या घराशी थेट संबंध आहे. त्या आधी रंगवलेली खिडकीची ग्रिल, जुने दरवाजे, जिन्याचा कठडा, आजीचं लोखंडी कपाट यांवरच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता गृहीतच धरावी. असा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू देऊ नये. पाणी मारून ओला घासावा, खाली प्लास्टिक अंथरावं, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावं, केर झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा. घासणाऱ्या माणसाला चांगला मास्क द्यायची जबाबदारी आपली आहे. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असं सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची हीच भूमिका आहे.

रंगाचा 'वास' म्हणजे बहुतांशी व्हीओसी, हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. टर्पेंटाइनमध्ये कालवायच्या ऑइल पेंटमध्ये ती लिटरमागे काहीशे ग्रॅम असतात. त्यांनी डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, दम्याचा त्रास उसळतो. हरित इमारतींना मानांकन देताना आतल्या मॅट रंगासाठी साधारण ५० ग्रॅमची मर्यादा धरली जाते, आणि आज बाजारातले चांगले इमल्शन रंग तिच्या आत बसतात. डब्यावर हिरवं पान छापलेलं असलं म्हणून समाधान मानू नये. लिटरमागे किती ग्रॅम, हा आकडा दुकानदाराकडे मागावा. तो माहितीपत्रकात असतो. दोन बारकावे सहसा कुणी सांगत नाही. मूळ पांढरा रंग कमी व्हीओसीचा असला तरी यंत्रावर छटा बनवताना जे रंगद्रव्य ओततात त्यात व्हीओसी असू शकतात, आणि गडद छटेत ते जास्त ओतावं लागतं. शिवाय पाण्याचा रंग डब्यात सडू नये म्हणून जंतुरोधकं घालतात आणि त्यांतली काही त्वचेला ॲलर्जी आणतात. तेव्हा वास येत नसला तरी रंगवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. हेही फेब्रुवारी ते मेमध्येच नीट जमतं.

शेणापासून बनवलेल्या रंगाबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा 'खादी प्राकृतिक पेंट' १२ जानेवारी २०२१ रोजी नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत तो विकसित झाला. डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत तो मिळतो आणि शिसं, पारा, क्रोमियम, आर्सेनिक यांसारखे जड धातू त्यात नाहीत, असं आयोग सांगतो. शेणाला गावातच किंमत मिळावी हा त्यामागचा हेतू मला मनापासून आवडतो. घ्यायचा असेल तर आधी एका छोट्या भिंतीवर लावून एक पावसाळा काढावा आणि मग अख्ख्या घराचा निर्णय करावा. कुठल्याही नव्या रंगाला हीच कसोटी लावावी.

भिंतीला रंगाऐवजी वेष्टन द्यायचं असेल तर आपल्या मातीत त्याची उत्तम परंपरा आहे. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी वाढते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून झाल्यावर मरते. तिच्या सरळ काड्या बांधून केलेला आणि शेणमातीने लिंपलेला कुड ही कोकणातली आणि आदिवासी पाड्यांतली भिंत. त्याच लिंपलेल्या भिंतीवर पालघर जिल्ह्यातल्या वारली स्त्रिया लग्नाचा चौक लिहितात, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या चघळलेल्या काडीने. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली नक्षी छापलेला व्हिनाइलचा कागद चिकटवण्यापेक्षा डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराला घरी बोलवावं, गेरूच्या एका भिंतीवर त्याच्या हाताने चित्र काढून घ्यावं आणि त्याचं मोल नीट द्यावं. पैसे तेवढेच लागतील किंवा थोडे जास्त.

व्हिनाइलच्या वॉलपेपरला माझा विरोध दमट हवेमुळे आहे. तो पीव्हीसीचा असतो, त्यातून वाफ पलीकडे जात नाही. बाहेरून आलेली ओल आणि कागदामागची खळ या दोन्हींवर बुरशी पोसली जाते आणि समोरून काहीच दिसत नाही. दमट भिंत आणि वॉलपेपर यांची जोडी जुनीच बदनाम आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७७५ मध्ये आर्सेनिकपासून एक सुरेख हिरवा रंग बनवला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांच्या भिंती अशा हिरव्या कागदांनी भरून गेल्या. माणसं आजारी पडू लागली. पुढे इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवलं, की ओलसर कागदावर वाढणारी बुरशी त्या रंगद्रव्यातून आर्सेनिकयुक्त वायू सोडते. आजारामागे हा वायू किती आणि रंगाची झडणारी भुकटी किती, यावर नंतर बराच वाद झाला. आज वॉलपेपरमध्ये आर्सेनिक नाही, बुरशी मात्र तीच आहे आणि दम्याच्या रुग्णाला ती पुरेशी आहे.

आवड असेल तर आतल्या, कोरड्या, बाहेरच्या हवेशी संबंध नसलेल्या भिंतीवर साधा कागदी वॉलपेपर लावावा. तागाचं कापड, बांबूची चटई, हातमागाचं जाड सुती कापड हे त्याहून चांगलं, पण भिंतीला न चिकटवता इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्यांवर ताणून, म्हणजे मागून हवा खेळते, काढून उन्हात टाकता येतं आणि भाड्याचं घर सोडताना बरोबर नेता येतं. कॉर्कचं नाव पर्यावरणपूरक म्हणून घेतलं जातं आणि ते खरंही आहे, झाड न तोडता साधारण नऊ वर्षांनी साल काढतात. पण ते प्रामुख्याने पोर्तुगालकडून येतं. बांबू आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गडचिरोलीत आहे.

एवढं झालं की मग शेड कार्ड उघडायचं, आणि तेही उजेड पाहून. कोणता रंग भूक वाढवतो, कोणता मन शांत करतो याच्या यादीवर फार विसंबू नये. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत तुरुंगाच्या कोठड्या एका विशिष्ट गुलाबी रंगात रंगवून कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. उजेडाचं गणित मात्र पक्कं आहे. रंग किती प्रकाश परतवतो त्याचा ० ते १०० असा आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात आणि बऱ्याच कंपन्या तो छटेसोबत देतात. चांगला पांढरा ८० च्या वर, मध्यम छटा ५० च्या आसपास, गडद निळा किंवा तपकिरी दहाच्या आगेमागे. समोरची इमारत हाताच्या अंतरावर असलेल्या खोलीत ७० च्या खालचा रंग घेतला की दिवसाही दिवा लावावा लागतो आणि ते बिल पुढची सगळी वर्षं भरावं लागतं. रंगाची पर्यावरणाशी याहून सरळ सांगड दुसरी नाही.

दोन इंचांच्या चौकोनावर आवडलेली छटा चार भिंतींवर नेहमी गडद होते, कारण भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. म्हणून एक पायरी फिकी घ्यावी. शेजारचा रंगही घात करतो. पॅरिसच्या गोब्लें विणकामशाळेत काम करणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. त्यांनी शोधलं तेव्हा धागा ठीक होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. आपल्या घरात हे रोज घडतं. दुधी रंगाची भिंत स्वच्छ पांढऱ्या छताखाली मळकट पिवळी वाटते. खिडकीबाहेर आंबा-फणस असेल तर पावसाळ्यात पांढरी भिंत हिरवट होते.

यावर उपाय एकच. छोटा डबा आणून दोन फुटांच्या प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत आणि तो तुकडा प्रत्येक भिंतीशी सकाळी, भर दुपारी आणि रात्री धरून पाहावा. रात्रीचे दिवे आधी ठरवावेत. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीत पिवडीचा रंग आजारी दिसतो, ३००० च्या उजेडात तोच उबदार होतो. फोडणीचा धूर बसणाऱ्या स्वयंपाकघरात थोडी चमक असलेला, पुसता येणारा रंग घ्यावा. झोपायच्या खोलीत मॅट, कारण चमक भिंतीतला प्रत्येक उंचवटा दाखवते आणि तो झाकायला मग लांबीचे थर वाढत जातात.

माल मोजूनच आणावा. इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण ६० ते ७० चौरस फूट भिंत झाकतो. दहा बाय बाराच्या खोलीला दारं-खिडक्या वजा जाता पाच-सहा लिटर पुरतात. उरलेला रंग मोरीत किंवा गटारात ओतू नये. डब्यावर खोलीचं नाव, छटेचा क्रमांक आणि तारीख लिहून झाकण घट्ट बसवावं, डागडुजीला तो लागतोच. लागणारच नसेल तर इमारतीच्या वॉचमनच्या खोलीला किंवा जवळच्या अंगणवाडीच्या भिंतीला द्यावा, आणि देताना तो कोणत्या वर्षीचा आहे तेही सांगावं.